वाजंत्री आहेत, गाणे नाही

दिवाळी अंकाच्या पानांवर भांडण मांडावयाचे नसते, हे मला ठाऊक आहे. अंक हाती घेणारा वाचक अभ्यंगस्नान आटोपून, फराळाची बशी शेजारी ठेवून बसलेला असतो. घरात पाहुणे असतात, अंगणात पोरे फटाके वाजवीत असतात. अशा वेळी लेखकाने एखादी गोष्ट सांगावी, चार घटका मन रमवावे, हीच रीत. संपादकांनीही माझ्याकडे गोष्टच मागितली होती. त्यांची क्षमा मागून मी भांडण पाठवीत आहे. कारण ते तुमच्या बशीतल्या लाडवाशी आणि गच्चीवर लावलेल्या विजेच्या माळेशीच निगडित आहे.

लाडवातली साखर उसाची. तो ऊस तोडणारी माणसे फार मोठ्या संख्येने आमच्या बीड जिल्ह्यातली. माळेतली वीज, निदान तिचा मोठा भाग, कोळशाचा. आणि तो कोळसा खणणारी माणसे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या टापूतली किंवा त्याहून दूरची. म्हणजे दिवाळीचा गोडवा एकाच्या हातचा आणि उजेड दुसऱ्याच्या हातचा. ही दोन्ही माणसे आपल्या संगीतात कोठे आहेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्न मला कसा पडला, ते आधी सांगतो. त्यात माझी फजिती आहे आणि माझा अपराधही आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एका तालुक्याच्या गावी दिवाळीनिमित्त लोकगीतांचा मोठा कार्यक्रम ठरला. गावाचे आणि मंडळाचे नाव मी सांगत नाही; माझे भांडण त्या माणसांशी नाही, रीतीशी आहे. बाहेरगावाहून वीस-पंचवीस वादकांचा ताफा येणार होता, गायकांचा समूह येणार होता. चालक माझ्याकडे आले नि म्हणाले, "गुरुजी, आपला जिल्हा ऊसतोड्यांचा. त्यांच्यावर एक झकास समूहगीत होऊन जाऊ द्या."

मी चार रात्री जागून गीत लिहिले. त्याच्या शेवटच्या कडव्यात उपमा नव्हती, कल्पना नव्हती. नुसती सात नावे होती. माझ्या शाळेच्या गावातून आणि शेजारच्या दोन वाड्यांतून ऊसतोडीला गेलेली आणि परत न आलेली ती सात माणसे. कोणी उसाच्या गाडीखाली सापडले, कोणाला पाचटात साप चावला, एक पोर कोपीजवळच्या विहिरीत पडले. नावे घालण्यापूर्वी मी घरोघर जाऊन विचारून आलो होतो. सर्वांनी होकार दिला. एक म्हातारी तर म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव गाण्यात घेणार म्हणता? मग मी ऐकाया येते."

आणि ती आली. अठरा मैलांवरून, एस.टी.ने, धुतलेले लुगडे नेसून.

चालकांनी गीत आधीच 'दुरुस्त' केले होते. ते मला रंगमंचामागे कळले. "सणासुदीला मेलेल्यांची यादी कशाला, गुरुजी? लोक उठून जातील. आम्ही शेवटचं कडवं काढलं आणि त्या जागी घामाचे मोती, धरतीची लेकरं असं काहीतरी गोड टाकून घेतलं." मग गाणे झाले. पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवून केलेले कोयते हाती घेऊन मुलींनी ठेका धरला. व्हायोलिने वाजली, टाळ्या पडल्या, 'वन्स मोअर' झाला.

कार्यक्रम सुटल्यावर म्हातारी मला गर्दीत शोधीत आली. "गुरुजी, झालं का हो माझ्या लेकाचं नाव? मला कानानं कमी येतं."

मी "हो" म्हणालो.

तो होकार माझ्या मनातून जात नाही. या लेखाचे मूळ त्या होकारात आहे. कादंबरीकाराला खोटे बोलण्याची सवय असते, असे कोणी म्हणेल. पण कादंबरीतले खोटे वाचकाला ठाऊक असते, म्हातारीला हे ठाऊक नव्हते. शिवाय मंडळाला दोष देताना मला स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मीदेखील या माणसांवर लिहिले आहे, त्यांना 'पात्रे' केले आहे, त्यांची नावे बदलली आहेत. त्यांच्या दुःखाला नाव मिळाले ते माझे. त्यांचे गेले ते गेलेच.

आता माझे म्हणणे सरळ सांगतो. कष्टकऱ्यांवर आपल्याकडे गाणी पुष्कळ आहेत. कष्टकऱ्यांच्या स्मरणाचे गाणे नाही. या दोहोंत फरक आहे. पहिल्या गाण्यात 'कष्टकरी' नावाचा एक माणूस असतो. तो नेहमी घाम गाळतो, त्या घामाचे नेहमी मोती होतात आणि तो कधीच मरत नाही. दुसऱ्या गाण्यात अमुक गावचा अमुक माणूस असतो. तो मेलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर उभे राहावे लागते. पहिले गाणे आपल्याला आवडते. दुसरे आपण अजून रचलेलेच नाही.

ते रचता येते काय? येते. जगात रचले गेले आहे, आणि तेही कोळशाच्या खाणीतल्या माणसांनी.

उत्तर वेल्समध्ये रेक्सहॅम गावाजवळ ग्रेसफर्ड नावाची कोळशाची खाण होती. २२ सप्टेंबर १९३४ रोजी, शनिवारी, उत्तररात्री तिच्यात स्फोट झाला आणि आग लागली. २६६ माणसे गेली. त्याच दिवशी दुपारी गावात फुटबॉलचा सामना होता. तो पाहावयास मिळावा म्हणून कित्येकांनी पाळी बदलून रात्रीचे काम घेतले होते. सणाच्या ओढीने लवकर कामावर जाणारी माणसे आपल्याकडेच असतात असे नाही. आग आटोक्यात येईना, तेव्हा खाण बंद करण्यात आली. बहुतेकांचे देह कधी वर आलेच नाहीत.

ग्रेसफर्डपासून पुष्कळ दूर, इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगणा आहे. तोही कोळशाचाच. तेथे रॉबर्ट सेंट नावाचा एक माणूस होता. त्याने स्वतः खाणीत काम केले होते आणि त्याला बँडच्या संगीताचे अंग होते. त्याने ग्रेसफर्डच्या मृतांसाठी एक सुरावट बांधली आणि तिला त्या खाणीचेच नाव दिले. 'खाणकामगारांचे स्तोत्र' म्हणून आज ती ओळखली जाते. तिला शब्द नाहीत. पितळी वाद्यांच्या बँडवर ती वाजते, संथ आणि सरळ. डरहॅमला १८७१ पासून खाणकामगारांची मोठी जत्रा भरते. प्रत्येक खाणीच्या गावचा बँड आपापल्या निशाणामागे वाजत-गाजत शहरातून जातो. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस दगावला असेल तिच्या निशाणाला काळे वस्त्र लावण्याची रीत. या जत्रेत १९३८ साली ती सुरावट प्रथम वाजली आणि आजही वाजते. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा-खाण २०१५ साली बंद पडली. डरहॅमच्या खाणी तर त्याच्या पुष्कळ आधी मिटल्या. पण जत्रा भरते, बँड निघतात, आणि ती सुरावट सुरू झाली की हसती-खेळती गर्दी गप्प उभी राहते. कोळसा संपला, गाणे संपले नाही.

या हकीकतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. गाणे बांधणारा त्याच कामातला होता. त्याने बांधले ते स्वतःच्या गावच्या नव्हे, परमुलखातल्या मृतांसाठी. कारण काम एक तर सोयर एक, असे तो मानीत होता. आणि ते गाणे वाजते ते स्मशानात नव्हे, जत्रेत; जेथे पोरे मिठाई खात असतात तेथे. आमच्या चालकांना वाटले होते की लोक उठून जातील. डरहॅमचे लोक दर वर्षी त्यासाठी येतात.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात कठीण जातीचा कोळसा निघत असे. त्या खाणींतील माणसांवर ज्यूलिया वूल्फ या संगीतकर्तीने २०१४ साली 'अँथ्रसाइट फील्ड्स' नावाची मोठी रचना केली. समूहगायन आणि थोडी वाद्ये. पुढच्या वर्षी तिला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या रचनेचा पहिला भाग कशाचा आहे? नावांचा! १८६९ ते १९१६ या काळात तेथील खाणींत अपघातात सापडलेल्या माणसांची सरकारी यादी बाईंनी समोर ठेवली. ती इतकी लांब निघाली की सगळी नावे गाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी फक्त 'जॉन' नावाची माणसे घेतली, आणि त्यांतही ज्यांची आडनावे एका अक्षरावयवाची आहेत तेवढीच. तरीही समूह गातच राहतो: जॉन अमुक, जॉन तमुक. पुढे एका भागात कोळशातले दगड वेचणारी लहान पोरे येतात. आणि शेवटच्या भागात काय येते पाहा: आपण रोज घरात विजेवर जी कामे करतो ती साधी कामे, एकामागून एक. म्हणजे गाणे खाणीत सुरू होते आणि ऐकणाऱ्याच्या स्वयंपाकघरात येऊन संपते. हा मार्ग मला फार सच्चा वाटतो. मीही या लेखात तुमच्या बशीपासूनच निघालो आहे.

"हे गोऱ्यांचे कौतुक पुरे, आपल्याकडे काय?" असे कोणी विचारील. तेही पाहू.

आमच्या जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. पण परळी वैजनाथला १९७० च्या दशकापासून औष्णिक वीजकेंद्र आहे आणि कोळशाच्या वाघिणी तेथे रिकाम्या होतात. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू वीजकेंद्राच्या चिमण्या पाहतो, वाघिणी पाहतो. तो कोळसा कोणाच्या हातून आला हे त्याला कोण सांगणार? आपल्या देशात खाणीत बुडालेल्यांची संख्या लहान नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसले आणि ६३ माणसे गेली. छिंदवाडा तेव्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे ते दुःख आपल्या उंबऱ्यावरचे होते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत असेच पाणी फुटले आणि सुमारे पावणेचारशे माणसे गेली. या दिवसांची नावे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होती? चासनाल्यावरून सुचलेला 'काला पत्थर' हा चित्रपट मात्र आपण १९७९ साली पाहिला. त्याचे पार्श्वसंगीत सलील चौधरी यांचे. मुंबईत समूहगायनाची चळवळ उभी करणाऱ्या फार थोड्या मोठ्या संगीतकारांपैकी ते एक. पण चित्रपट तो चित्रपटच. त्यात नायक बुडणाऱ्यांना वाचवितो. चासनाल्यात त्या दिवशी नायक कामावर नव्हता. आपण नायकाला लक्षात ठेवले आणि पावणेचारशे विसरलो.

आता ऊसतोडीकडे येतो. कोळशाला निदान खाण असते, खाणीला फाटक असते, फाटकाबाहेर दगड उभारून नावे कोरता येतात. ऊसतोड्याच्या मरणाला जागाच नाही. दसरा झाला की आमच्या गावांत मुकादमांच्या गाड्या येऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'; माणसे मोजावयाची तीही हत्याराने. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडण्यासाठी निघावयाचे. गाडीत बाजरीचे पोते, पत्रे, कोंबड्या, म्हातारी असली तर म्हातारी आणि बरोबर आमच्या शाळेतली पोरे. मग कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर कर्नाटक. पहाटेच्या अंधारात तोडणी, मग मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहणे, गाडी भरणे. आज या शिवारात, उद्या त्या. माणूस दगावला तर तो ज्या फडात दगावला तेथे पुढच्या आठवड्यात नांगर फिरतो. कारखान्याला तो आपला वाटत नाही, कारण त्याला आणले मुकादमाने. ज्या गावच्या शिवारात तो मेला त्या गावाला तो आपला वाटत नाही, कारण तो परका. आणि स्वतःच्या गावाला तो गेल्याचे कळते ते उन्हाळ्यात, टोळी परत आली म्हणजे. उचल मात्र मरत नाही. ती पुष्कळदा घरच्यांच्या डोक्यावर उरते. अशा मरणाला दगड कोठे उभारणार? म्हणूनच त्याला गाणे पाहिजे. गाण्याला जागा लागत नाही. ते माणसाबरोबर चालते, आणि ही चालणारीच माणसे आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे काम आमच्या शाहिरांनी केले आहे. केले आहे, आणि मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभे केले आणि गिरणगावाला आवाज दिला. पण शाहिराची डफावरची थाप म्हणजे हाक असते: उठा, चला, लढा. ती जिवंतांसाठी असते. स्मरणाचे गाणे म्हणते: थांबा, ऐका, हा माणूस होता. ज्या समाजाला नुसते चालणे येते आणि थांबणे येत नाही, त्याच्या वाटेवर कोण पडले हे त्याला कधी कळत नाही.

दुसरा आक्षेप लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा. ते म्हणतील, या लोकांची स्वतःची गाणी आहेत, भलरी आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत. तुमच्या बँडची त्यांना गरज काय? ओव्यांचे मोल मला कोणी शिकवू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. पण ओवी जात्यापाशी गायची, पहाटे, एकटीने किंवा दोघींनी. आता तर जातेही गेले. लेकाच्या मरणाची ओवी आईने घरात गायिली तर ते तिचे दुःख झाले. गावाने चौकात गायिली तर ते गावाचे दुःख होईल. मला दुसरे हवे आहे. अभ्यासकाने पहिले जपून ठेवले म्हणून दुसऱ्याची जबाबदारी टळत नाही.

तिसरा आक्षेप सणासुदीचा. याचे उत्तर आपल्या पंचांगातच आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर आपण पितृपंधरवडा पाळतो. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवणारा हा समाज आहे. मेलेल्याचे नाव घेतल्याने सण विटत असता, तर आपल्या पूर्वजांनी नवरात्राच्या तोंडाशी हा पंधरवडा ठेवलाच नसता. विटते ते नाव घेतल्याने नव्हे, नाव दडपल्याने.

चौथा आक्षेप मोठा आहे आणि तो मला मान्य करून पुढे जावे लागेल. गाण्याने पोट भरते काय? भरत नाही. भाव वाढवून द्या, विमा द्या, दवाखाना द्या, पोरांची शाळा चालू ठेवा, हे गाण्याच्या आधीचे. पण विसरणे आणि न देणे ही दोन सख्खी भावंडे आहेत, हे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. आकडा वर्तमानपत्रांत आला, विधिमंडळात गाजला, आणि दुसरी बातमी आली तशी लोक तो विसरले. आकडा विसरता येतो. नाव विसरणे अवघड असते. जिवंत बाईचे असे दुखणे मात्र तिच्या मर्जीवाचून गाण्यात येता कामा नये. लाज राखणे हाही स्मरणाचाच भाग आहे. पण जी गेली आणि जिच्या घरचे नाव घ्या म्हणतात, तिचे नाव न घेण्याला सबब काय?

आणि शेवटचा आक्षेप साधनांचा. पितळी वाद्यांचा बँड, समूहगायन, हे विलायती चोचले बीडमध्ये कोठून आणावयाचे? हे ऐकले की मला हसू येते. अहो, बीडमध्ये बँड नाही? आमच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी लग्नाचे बँड आहेत! डरहॅमच्या खाणीवाल्याने ज्या जातीची वाद्ये फुंकली, त्याच जातीचे पितळ आमच्या वरातीपुढे चालते. पलटणींच्या बँडवरून ते खेड्यापर्यंत आले. तीच फुंक, तेच ढोल. लाल डगला घालून उन्हात चालणारा आमचा बँडवाला गरीब घरचाच असतो, आणि ज्या वाड्या-वस्त्यांवरून कोयते निघतात तेथलाच पुष्कळदा असतो. आज डीजेने त्याचे पोट मारले आहे. कित्येक बँड मोडले, वाद्ये माळ्यावर पडली. आणि समूहगायन? जो जिल्हा हरिनाम सप्ताहांवर वाढला, ज्याच्या गावोगाव पन्नास-पन्नास टाळकरी एका पावलीवर, एका सुरात तासचे तास गातात, त्याला समूहगायन शिकवावयाचे? विणेकरी, पखवाजी, टाळकरी हे सगळे आपल्यापाशी आहेत. ज्यांनी सोसले त्यांनीच वाजवावे, हेही महाराष्ट्राला नवे नाही. वरोऱ्याला, ऐन कोळशाच्या मुलखात, आनंदवनाचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद आहे; कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकारच त्यात गातात, वाजवितात. तेव्हा वाद्यवृंद आहे, गाणारे आहेत, नावेही आहेत. नाही ती फक्त ती नावे घेण्याची इच्छा.

म्हणून माझी सूचना आहे ती लहान आणि स्वस्त आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास बहुतेक टोळ्या गावी परतलेल्या असतात. त्या दिवशी आपण पितरांच्या नावाने पाण्याचे घट देतो. त्याच संध्याकाळी, गावच्या मारुतीच्या पारावर, गावच्याच लग्नाच्या बँडने एक सुरावट वाजवावी. तिला शब्द नसावेत. ती आपल्यातल्याच कोणी बँड-मास्तराने बांधावी. पुण्या-मुंबईच्या संगीतकाराने मदत करावी, मालकी सांगू नये. मग टाळकऱ्यांनी त्या हंगामात आणि आधीच्या हंगामांत परत न आलेल्यांची नावे गावीत. नाव द्यावयाचे की नाही हे घरच्यांनी ठरवावे. भाषण नको, हार नको, पाहुणा नको. पुठ्ठ्याचे कोयते तर मुळीच नकोत. खरे कोयते त्या दिवशी घरोघर टांगलेले असतात. वीस मिनिटांचे काम. त्यानंतर ज्याला जेवण घालावयाचे त्याने जेवण घालावे, ज्याला जत्रा भरवावयाची त्याने भरवावी.

एका गावाने केले तर शेजारचे गाव विचारील, आमची नावे कोठे? हा प्रश्न विचारला जावा, एवढेच मला हवे आहे. कारण नावांची यादी एकदा गायिली जाऊ लागली की ती दर वर्षी लहान व्हावी असे सर्वांना वाटू लागेल. मुकादमाला, कारखान्याला, सरकारला आणि मलाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास माझ्या वर्गाची हजेरी अर्ध्यावर येऊ लागलेली असेल. काही पोरे दिवाळी करून जातात, पुष्कळांची दिवाळी फडातच होते. हंगामी वसतिगृहात जी राहतात ती राहतात; बाकीची जातात. सुट्टी संपून शाळा भरली की मी हजेरी घेतो. नाव पुकारतो, उत्तर येत नाही. क्षणभर थांबतो आणि पुढचे नाव घेतो. नियम तसा आहे: मूल गैरहजर असले तरी नाव पुकारावयाचेच, गाळावयाचे नाही. शाळेच्या हजेरीत जे नाव गाळता येत नाही, ते गावाच्या गाण्यात गाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हातारी अजून आहे. बाजारच्या दिवशी कधी वाटेत भेटते आणि शेजारणीला सांगते, "ह्या गुरुजींनी माझ्या लेकाचं नाव गाण्यात घेतलं." मी मान खाली घालून पुढे जातो. येत्या अक्षय तृतीयेला आमच्या गावच्या बँडवाल्यांना मी विचारले आहे. त्यांपैकी दोघे सध्या कोयत्यावर आहेत, ते आले म्हणजे सुरावट बसवू म्हणतात. सात नावे माझ्यापाशी आहेत. आठवे होऊ नये.